खेकडा मेला नव्हता

सातारला दुकानाचं शटर वर करतोय तोच वाईहून बाईंचा फोन. "अरे, एवढी वर्षं गाणं शिकवतेय, वाटायचं एक दिवस माझा गळा बसणार. बसला तो या कॉम्प्युटरचा!"

बाईंच्या सकाळी सातच्या ऑनलाइन क्लासला ठाण्याच्या दोघी आणि न्यू जर्सीची एक, अशा मुली असतात. तिघी पडद्यावर दिसतात, ओठ हलतात, आवाज काही येत नाही. एकाने येऊन फॉरमॅट मारून दिला होता. तरीही आवाज येईना, तेव्हा 'साऊंड कार्ड उडालंय, मदरबोर्डच बदलावा लागेल' म्हणून साडेपाच हजारांचा आकडा सांगून गेला.

खरं तर कार्ड म्हणावं असं हल्ली बहुतेकांच्या कॉम्प्युटरच्या डब्यात काही नसतंच. मी १९९६ला कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यात आलो तेव्हा असायचं. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने १९८९मध्ये साऊंड ब्लास्टर काढलं, त्याच्या नकला आमच्यापर्यंत यायच्या. कार्ड खाचेत बसवायचं, पत्ता २२०, आयआरक्यू ५. चुकून ७ दिला की त्याचं प्रिंटरशी भांडण. पुढे १९९७मध्ये इंटेलने एसी-९७ नावाची पद्धत आणली आणि हळूहळू आवाजाचं काम मदरबोर्डवरच्याच एका चिपकडे गेलं. आता डबा उघडून पाहिलात तर मागे पिना घालायच्या भोकांजवळ अंगठ्याच्या नखाहून लहान, काळी, चौकोनी चिप दिसेल. पुष्कळदा तिच्यावर छोटासा खेकडा छापलेला असतो. रिअलटेक कंपनीचं ते चिन्ह. सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० आकडे घ्यायचे आणि त्यांची विजेची लाट करून स्पीकरकडे सोडायची, हे या खेकड्याचं काम. शब्द मात्र अजून जुनाच, साऊंड कार्ड.

वाईला पोचलो. मी नेहमी कानाकडून आत जातो, डब्याकडून बाहेर येत नाही. म्हणून आधी स्पीकरची पिन काढून माझ्या जुन्या मोबाइलला लावली. तंबोरा खणखणीत वाजला. म्हणजे स्पीकर आणि वायर दोन्ही सुटले. पिन परत मागच्या हिरव्या भोकात घातली. गुलाबी माइकचं, निळं बाहेरून आवाज आत घेण्याचं, यात गडबड फार होते. मग एक गाणं लावून आवाजाच्या सेटिंगमध्ये पाहिलं, तर तिथली पट्टी हिरवी होऊन छान नाचत होती.

ही पट्टी नाचते म्हणजे कॉम्प्युटर गातोय. ऐकणारा कोण, एवढंच शोधायचं. "बाई, हा मॉनिटर नवीन का?" "मुलाने दिवाळीला पाठवला." तिथेच उलगडा झाला. एचडीएमआय वायरीतून चित्राबरोबर आवाजही जातो. मॉनिटर जोडल्यावर कॉम्प्युटरने आवाज तिकडे वळवला होता, आणि त्या मॉनिटरला स्पीकरच नव्हता. फॉरमॅटनंतर पुन्हा तेच झालं. खाली उजवीकडच्या कर्ण्यावर क्लिक करून मॉनिटरच्या जागी रिअलटेक निवडलं आणि आवाज आला.

आला, पण एकाच बाजूने, आणि तोही खरखरत. "हे तर माझ्या पहिल्या दिवसाच्या विद्यार्थिनीसारखं," बाई म्हणाल्या. खेकडा जिवंत होता, दार गंजलं होतं. डबा खिडकीपाशी, वाईचा पावसाळा. भोकातल्या पितळी पात्यांवर थर चढलेला. वीज बंद करून, प्लग काढून, जुन्या पिनेला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा हात लावला आणि दहा-बारा वेळा आतबाहेर केली. नीट वाळू दिलं. (खोबरेल तेल घालणारेही मी पाहिलेत. नका घालू.) लॅपटॉपचं दुखणं थोडं वेगळं असतं. हेडफोन आत आहे की नाही हे सांगायला भोकात एक बारीक बटण असतं. कचऱ्याने किंवा तुटलेल्या पिनेच्या टोकाने ते अडकलं, की लॅपटॉपला हेडफोन लावलेलाच वाटतो आणि त्याचे स्वतःचे स्पीकर गप्प बसतात. इकडे बाईंच्या क्लासच्या झूममध्ये स्पीकरची निवड वेगळी असते, ती राहिली होती. तीही बदलली.

चिप कधीच मरत नाही असं नाही. वळवाच्या विजेने गेलेले बोर्ड माझ्या माळ्यावर पडलेत. पण ते ओळखायची रीत आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नाव असून पिवळा त्रिकोण दिसला तर बहुधा ड्रायव्हर बिघडलाय. मदरबोर्ड बनवणाऱ्याच्या साइटवरून तो पुन्हा टाकायचा. नावच नसेल तर बायोसमध्ये ऑडिओ चुकून बंद झालाय का ते बघायचं. तिथे चालू दिसलं, तर कॉम्प्युटर बंद करून वायर काढायची, पॉवरचं बटण अर्धं मिनिट दाबून धरायचं आणि मग सुरू करायचा. अडकलेली चिप कधी कधी एवढ्यानेही जागी होते. शेवटची परीक्षा पेन ड्राइव्हवरच्या लिनक्सची. हार्ड डिस्कला हात न लावता ते चालतं. त्यात आवाज आला तर चिप धडधाकट, दोष विंडोजमधल्या कुठल्यातरी सेटिंगचा किंवा ड्रायव्हरचा. तिथेही रिअलटेक निवडून शांतताच असेल, तर गेली म्हणा. पण तेव्हाही बोर्ड बदलायची गरज नाही. यूएसबीत खोचायचं साऊंड कार्ड दोन-तीनशे रुपयांपासून मिळतं, आणि गाण्याच्या क्लासला ते पुरतं.

बाईंकडून तीनशे घेतले, पेट्रोल धरून. तुम्हाला कुणी आवाजासाठी बोर्ड बदलायला सांगितला, तर पैसे काढण्याआधी त्याला पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून दाखवायला सांगा.