घोड्यांची वाट, पोरांच्या सायकली

डोंगर आडवा आला म्हणजे शहाणी नदी वळसा घेऊन निघून जाते. फ्रान्सच्या उत्तर सरहद्दीवरच्या म्यूझ नदीवर मात्र ही पाळी आलीच नाही. कारण नदी तेथे आधीपासून वाहत होती. आर्देनचा पठारी मुलूख मागाहून तिच्याखाली हळूहळू वर आला! जमीन उचलत राहिली आणि नदी आपली जागा न सोडता तिला खाली कापत राहिली. सपाटीवर असताना लागलेली नागमोडी चालायची सवय खडकात शिरल्यावरही सुटली नाही. म्हणून शार्लव्हिल-मेझिएर हे शहर आणि बेल्जियमच्या हद्दीला टेकलेले झिव्हे हे गाव यांच्यात सरळ अंतर चाळीस-बेचाळीस किलोमीटर, पण नदीच्या काठाने जावे तर ८३!

दोन्ही अंगांना रानाने झाकलेले उंच कडे आणि मधून वाहणारे काळसर, संथ पाणी. अशा ठिकाणी सायकल घेऊन जा म्हटले, तर बायकामुले असलेला कोणीही गृहस्थ हातच जोडील. चढावर छातीचा भाता व्हायचा, उतारावर ब्रेकवर भिस्त, आणि वळणावर समोरून मालमोटार येणार! पण मौज अशी, की म्यूझच्या काठी यातले काहीही नाही. तेथे तीनएक मीटर रुंदीची डांबरी वाट पाण्याला बिलगून जाते आणि शार्लव्हिलपासून झिव्हेपर्यंत सारा मिळून चाळीस मीटरांच्या आसपास उतरते. मोटारीला तेथे मज्जाव. आठ वर्षांची मुलगी आणि सत्तरीचे आजोबा तिच्यावरून शेजारी शेजारी सायकल चालवू शकतात. डोंगर दोघांनाही दिसतो. चढावा मात्र कोणालाच लागत नाही.

अशा वाटांना फ्रेंच लोक ‘व्हा व्हेर्त’, म्हणजे हिरवी वाट, असे म्हणतात. नाव काव्यमय असले तरी प्रकार कायदेशीर आहे. २००४ साली फ्रान्सच्या वाहतूक-नियमांत तिची व्याख्याच घालण्यात आली: इंजिनावर न चालणारी वाहने, पायी चालणारे आणि घोडेस्वार, एवढ्यांसाठीच राखलेली वाट. तत्पूर्वी १९९७ मध्ये बर्गंडीत झिव्री ते क्ल्युनी अशी ४४ किलोमीटरांची पहिली वाट जुन्या आगगाडीच्या मार्गावरून काढली गेली होती. त्यानंतर देशभर मोडलेल्या रेल्वेमार्गांचे असेच सोने झाले. म्यूझच्या वाटेचा जन्म मात्र रुळांतून झालेला नाही. तो दोरातून झाला आहे.

नावांना इंजिने बसण्यापूर्वी मालाच्या नावा काठावरून ओढीत नेत. नावेला लांब दोर बांधायचा, त्याचे दुसरे टोक घोड्याला, आणि घोडा काठाकाठाने पावले टाकीत चालला आहे. ज्या नावाड्याची घोडा ठेवायची ऐपत नसे तो स्वतः पट्टा छातीवर घेई. प्रसंगी त्याची बायको आणि मुलेही घेत. जड नाव ओढणाऱ्या जनावराला चढ परवडत नाही. म्हणून वाट पाण्याच्या पातळीला धरून राहिली पाहिजे. दोर मध्येच अडकून चालत नाही. म्हणून पाणी आणि वाट यांच्यात झाड नको, आणि पूल आला तर वाट त्याच्या खालूनच गेलेली बरी. आज सायकलवाल्यांना हवे असते ते याहून निराळे काय? चढ नको, आडवा रस्ता नको! त्यांच्यासाठी म्हणून कोणी काहीच आखले नव्हते. घोड्याची सोय पाहिली, ती दीडशे वर्षांनी पोरांच्या कामी आली.

ही नदी मोठ्या नावांच्या सोयीची झाली, तीही एका पराभवामुळे. १८७० च्या सप्टेंबरात याच नदीवरच्या सदाँ गावी तिसरा नेपोलियन प्रशियाच्या हाती सापडला. पुढच्या वर्षी आल्सेस आणि लोरेनचा काही भाग गेला, आणि त्या बाजूचे कालवे जर्मनांच्या हद्दीत पडले. तेव्हा उरलेल्या फ्रान्समधून उत्तर-दक्षिण असा नवा जलमार्ग पाहिजे म्हणून १८७४ मध्ये पूर्वेच्या कालव्याचा कायदा झाला. म्यूझवर बांध पडले, नावा वर-खाली चढवण्या-उतरवण्यासाठी दरवाज्यांचे हौद झाले. पुढे इंजिने आली, घोडे गेले, आणि दोराची वाट गवतात बुडाली.

आता त्या वाटेने निघू या. शार्लव्हिलमध्ये सतराव्या शतकातला एक देखणा चौक आहे. लाल विटा, पिवळसर दगड आणि निळसर पाटीची छपरे अशी त्याची घडण. नदीवरच्या जुन्या पाणचक्कीच्या इमारतीत आर्त्युर रँबो या कवीचे संग्रहालय आहे. रँबो याच गावी १८५४ मध्ये जन्मला. होडी आणि समुद्रावरची त्याची सर्वांत गाजलेली कविता त्याने सोळाव्या वर्षी लिहिली, तोवर त्याने समुद्र पाहिलाही नव्हता म्हणतात. समोरच्या म्यूझवर तेवढे भागले असावे!

पुढे बोन्यीजवळ चार शेंड्यांचा एक खडक उभा आहे. एमॉनचे चार मुलगे म्हणून मध्ययुगीन कथेतले जे भाऊ, त्यांची ही खूण. सम्राट शार्लमेनशी त्यांचे वितुष्ट आले आणि चौघे एकाच घोड्यावर बसून आर्देनच्या रानात पळाले. त्या घोड्याचे नाव बायार. शेवटी तह झाला, पण सम्राटाचा राग घोड्यावर निघाला. गळ्यात जात्याची तळी बांधून बायारला म्यूझमध्ये लोटण्यात आले. घोड्याने खुरांनी तळी फोडली, पोहून काठ गाठला, आणि तो रानात दिसेनासा झाला. या खोऱ्याने घोड्यांकडून इतके काम करून घेतले. एक तरी सुटला, हे बरे झाले.

मोंतेर्मे येथे नदी सबंध गावाला कवेत घेऊन वळते. येथेच सम्वा नदी येऊन मिळते, आणि तिच्याकाठीही एक हिरवी वाट बेल्जियमच्या बाजूला गेली आहे. त्यापुढे लेफूरजवळ ‘म्यूझच्या बाया’ नावाचा प्रचंड कडा पाण्यातून अडीचशे मीटर वर उठतो. तीन भाऊ धर्मयुद्धावर गेले, मागे त्यांच्या बायकांचे पाऊल वाकडे पडले, म्हणून देवाने तिघींचे दगड केले, अशी गोष्ट सांगतात. नवऱ्यांनी तिकडे काय केले याची चौकशी कथाकाराने केलेली नाही. आपल्या अहल्येला निदान रामाचा पाय लागला. या तिघी अजून उभ्याच आहेत.

सारेच काही कथांचे नाही. रव्हँ गावाच्या वरच्या पठारावर १९४४ च्या जूनमध्ये जर्मनांनी फ्रेंच प्रतिकार-दलातल्या १०६ माणसांना गोळ्या घातल्या. एब हे टुमदार गाव १९१४ च्या ऑगस्टमध्ये जाळले गेले आणि साठांच्या आसपास नागरिक मारले गेले. सायकल सावकाश चालत असते, म्हणून स्मारकावरची नावे वाचून होतात. मोटारीतून ती दिसतही नाहीत.

पण हे खोरे मुळात कष्टकऱ्यांचे. बोन्यीत नट-बोल्ट घडत, रव्हँत ओतीव लोखंडाच्या शेगड्या होत, फ्युमेच्या खाणींतून बाराव्या शतकापासून छपराच्या जांभळट पाट्या निघत. फ्युमेची शेवटची खाण १९७१ मध्ये बंद झाली. एकामागून एक कारखान्यांची धुराडी थंड पडली. झिव्हे येथे कृत्रिम रेशमाचा धागा काढणारी सेलातेक्स ही गिरणी २००० च्या जुलैत बुडाली, तेव्हा १५३ कामगारांनी ती ताब्यात घेतली आणि योग्य भरपाई न मिळाल्यास गंधकाचे आम्ल नदीत सोडू, अशी धमकी दिली. १७ जुलैला त्यांनी काही आम्ल लाल रंग मिसळून जवळच्या ओढ्यात खरोखरच सोडले. अग्निशामक दलाने ते अडवले. तीन दिवसांनी तडजोड झाली. ज्या नदीवर पिढ्या जगल्या तीच नासवायला माणसे उठतात, तेव्हा त्यांच्या घरची स्थिती काय असेल, हे गिरणगाव पाहिलेल्या वाचकांना सांगायला नको.

त्यानंतरच्या काही वर्षांत दोराची जुनी वाट साफ झाली, डांबर पडले आणि सायकली आल्या. सायकलवाल्याने प्यालेल्या कॉफीवर गिरणीचा पगार निघत नाही, हे उघड आहे. पर्यटनाच्या जाहिराती काहीही सांगोत. मात्र काठावरच्या गावांत खोल्या भाड्याने जाऊ लागल्या, सायकली भाड्याने मिळू लागल्या, उपाहारगृहांना गिऱ्हाईक आले. आमच्या मते याहून मोठी गोष्ट आणखी एक आहे. कामापुरती म्हणून जी नदी इतकी वर्षे पाहिली, तिच्याकाठी खोऱ्यातलीच माणसे रविवारी पोरांना घेऊन मोकळी फिरू शकतात.

भूक लागली तर इकडचा बटाट्याचा एक जुना पदार्थ मागावा. त्याच्या नावाचा अर्थ ‘उघड्या बुडाची भाजी’ असा काहीसा होतो! ओतीव लोखंडाच्या भांड्याला डुकराच्या चरबीचा तुकडा फिरवायचा, त्यात कांदा-बटाटा शिजवायचा. भांड्यात मांस नाही, म्हणून ती उघडी. गरिबाच्या घरचे हे जेवण आता हॉटेलात मानाने वाढतात. शाकाहारी मंडळींनी चरबीची चौकशी आधी करावी, किंवा साखर पेरलेल्या मऊ गोड रोटीवर समाधान मानावे.

पॅरिसच्या पूर्व स्थानकावरून शार्लव्हिलला वेगवान गाडीने पावणेदोन तासांच्या आत पोचता येते. मुले बरोबर असतील तर ८३ किलोमीटरांचे तीन दिवस करावेत. मे ते सप्टेंबर हा काळ चांगला. वाटेवर पायी चालणाऱ्यांचाही हक्क आहे, तेव्हा घंटी वाजवून हळू व्हावे. शोजवळ अणुवीजकेंद्राचे दोन अजस्र मनोरे रानावर वाफ सोडताना दिसतात. तेथून झिव्हे दूर नाही. गावावर पाचव्या चार्ल्सने १५५५ मध्ये बांधायला घेतलेला शार्लमोंचा किल्ला आहे. हद्दीवर पहारा ठेवायला तो उभारला, आणि आता त्याच्या पायथ्याने सायकली बेल्जियममध्ये शिरतात. वीसएक किलोमीटरांवर दिनाँ आहे. पोरे दमली असली तर दिनाँ राहू द्यावे. झिव्हेच्या स्थानकावर सायकली गाडीत चढवाव्या. नदीच्याच बाजूने जाणारी ती गाडी तासाभराने शार्लव्हिलला आणून सोडते.