राजगडाच्या वाटेवर कोणती दुर्बीण?

गुंजवण्यातून चोरदरवाज्याच्या वाटेने राजगड चढताना आधी झाडी लागते, मग उघडा कातळ. दोन्हीकडे चालेल अशी दुर्बीण हवी, तर तिच्यावरचे आकडे वाचता यायला हवेत. ८×४२ म्हणजे पक्षी आठपट जवळ दिसतो आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर असतो. व्यासाला पटीने भागले की डोळ्याशी येणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते. इथे सव्वापाच मिलिमीटर. पहाटेच्या अंधुक झाडीत शीळकरी कस्तूर शोधताना हा उजेड फार मोलाचा.

१०×४२ मधून पक्षी मोठा दिसतो खरा, पण धाप लागलेली असताना हाताचा कंपही दहापट होतो. शिवाय नजरेत मावणारा टापू सहसा लहान होतो आणि कड्यालगत सुसाटणारी पाकोळी निसटते. म्हणून मी आठपटच सुचवेन. वजन खुपत असेल तर ८×३२ घ्या. चष्मा असेल तर तो घालूनच दुकानात पारखा. पूर्ण वर्तुळ दिसलेच पाहिजे. पावसाळ्यासाठी नायट्रोजन भरलेली जलरोधक दुर्बीणच घ्यावी, कारण भिंगांवर आतून धरलेली वाफ पुसता येत नाही.

चोरदरवाज्याखाली दोन्ही हात रेलिंगला लागतात, तेव्हा दुर्बीण छातीशी घट्ट धरणारा पट्टा लावा. आणि घिरट्या घालणाऱ्या घारीमागे ती फिरवताना सूर्याकडे चुकूनही नेऊ नका. डोळ्याला कायमची इजा होते.