डोळा लागेना तेव्हा

1977 साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एका जन्मांध तरुणाची हकीकत छापली. तरुण चारचौघांसारखा कामाधामात असलेला, मनानं धडधाकट. दुखणं एकच. काही दिवस झोप छान लागायची, मग ती बिघडत जायची. रात्री टक्क जाग, दिवसा काम करता करता डोळे मिटायचे. आणखी काही दिवस गेले की सगळं आपोआप जागेवर यायचं. त्याच्या अंगाचं तापमान, कॉर्टिसॉल, लघवीतले क्षार, कामातली चपळाई, सगळ्याच्या नोंदी घेतल्या गेल्या. प्रत्येक गोष्टीचा फेरा 24 तासांचा नव्हे, 24.9 तासांचा निघाला. चंद्राचा दिवस जवळपास तेवढाच असतो. किनाऱ्यावरच्या कोळ्याला हे गणित शिकवावं लागत नाही. भरती रोज दोन घटकांच्या आसपास उशिरा येते, हे त्याच्या अंगवळणी पडलेलं असतं. या तरुणाची झोपही तशीच रोज सुमारे 54 मिनिटं पुढे सरकत होती. साधारण 27 दिवसांत ती पूर्ण फेरी मारून मूळ जागी यायची.

गेल्या पाच दशकांचा मागोवा इथून घ्यायचा, कारण तोवर अंध माणसाला झोप लागत नाही याचं उत्तर सगळ्यांना आधीच ठाऊक असल्यासारखं होतं: दुःख. नजर गेली, मनाला लावून घेतलं, म्हणून झोप उडाली. आपल्याकडे आजही घरोघरी हेच म्हणतात. म्हणणाऱ्यांच्या मनात माया असते. पण त्या मायेपोटी दुखणं तपासायचं राहून जातं, आणि ज्याला झोप नाही त्याच्यावरच ‘काळजी करू नकोस’ अशी आणखी एक जबाबदारी येते.

शरीराचं घड्याळ मेंदूत नेमकं कुठे आहे, हे त्याआधी पाचच वर्षं, 1972 मध्ये, सापडलं होतं. दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात, तिथेच वर, हायपोथॅलॅमसमध्ये सुमारे 20 हजार पेशींचा एक पुंजका आहे. दृष्टिपटलापासून तिथवर जाणारी वेगळी वाटही त्याच वर्षी दिसली. माणसाचं हे घड्याळ मुळात 24 तासांहून किंचित लांब चालतं. सकाळचा उजेड डोळ्यांत शिरला की ते रोज थोडं मागे आणून जुळवलं जातं. उजेडच आत पोचत नसेल तर जुळवणार कोण? पूर्ण अंधत्व असलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांचं घड्याळ असं मोकळं सुटलेलं असतं, हे पुढे मेलॅटोनिनच्या मोजमापांतून दिसलं.

मग उरलेल्यांचं काय? मला या साऱ्या इतिहासातली सगळ्यात विलक्षण कथा याच प्रश्नाची वाटते. 1995 मध्ये बॉस्टनच्या चार्ल्स झाइस्लर यांच्या गटानं 11 अंध व्यक्तींवर रात्री प्रखर उजेड टाकून रक्तातलं मेलॅटोनिन मोजलं. हे संप्रेरक रात्री वाढतं आणि उजेडानं उतरतं. अकरांपैकी तिघांमध्ये ते डोळस माणसासारखंच उतरलं. त्या तिघांना उजेडाची पुसटशीही जाणीव नव्हती. त्यांतल्या दोघांचे डोळे झाकून पुन्हा पाहिलं, तर मेलॅटोनिन उतरलं नाही. म्हणजे उजेड डोळ्यांतूनच शिरत होता आणि डोळ्यांच्या मालकाला त्याचा पत्ताही नव्हता.

याचा अर्थ केवढा मोठा होता! दिसत नाही म्हणजे डोळा निकामी, असं समजून दुखरा किंवा विद्रूप झालेला डोळा काढून टाकण्याचा निर्णय होतो. अनेकदा तो योग्यही असतो. पण तोच डोळा माणसाची रात्र आणि दिवस सांभाळत असू शकतो, हे कुणी रुग्णाला सांगत नव्हतं, कारण सांगणाऱ्यालाच ठाऊक नव्हतं.

खूण मात्र फार जुनी होती. 1920 च्या दशकात हार्वर्डमध्ये क्लाइड कीलर नावाच्या विद्यार्थ्याला दिसलं होतं की आंधळ्या उंदरांच्या बाहुल्या उजेडात आकसतात. ही नोंद कित्येक दशकं तशीच पडून राहिली. दृष्टिपटलात उजेड टिपणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या, दंडपेशी आणि शंकूपेशी, हे सव्वाशेहून अधिक वर्षं पाठ्यपुस्तकांत होतं आणि त्यात तिसरीला जागा नव्हती. 1998 मध्ये इग्नासियो प्रोव्हेन्सियो यांना बेडकाच्या कातडीत उजेड टिपणारं एक नवं प्रथिन सापडलं, मेलॅनॉप्सिन. दोन वर्षांत ते माणसाच्या दृष्टिपटलातही मिळालं, तेही दंड-शंकूंत नव्हे, तर मेंदूकडे निरोप नेणाऱ्या मोजक्या गँग्लियन पेशींत. 2002 मध्ये डेव्हिड बर्सन यांनी दाखवलं की या पेशी दुसऱ्या कुणाच्या निरोपाची वाट न पाहता स्वतःच उजेडाला प्रतिसाद देतात. मेलॅनॉप्सिन नसलेल्या उंदरांचं घड्याळ उजेडानं नीट सरकत नाही, हे त्याच वर्षी दाखवणाऱ्यांत मूळचे ओडिशाचे सच्चिदानंद पंडा होते. आणि 2007 मध्ये दंड-शंकू गमावलेल्या दोन अंध व्यक्तींमध्ये ही तिसरी यंत्रणा शाबूत असल्याचं प्रत्यक्ष दिसलं. त्यांतल्या 87 वर्षांच्या बाईंना काहीच दिसत नव्हतं, पण निळा दिवा लागला आहे की नाही, हे त्या ओळखत होत्या.

तेव्हापासून ‘अंध’ या एका शिक्क्याखाली निरनिराळी माणसं आहेत, हे मान्य करावं लागलं. लेबर नावाच्या आनुवंशिक विकारात डोळ्याची नस सुकते, तरी मेलॅनॉप्सिनच्या पेशी बऱ्याच टिकून राहतात. काचबिंदूत गँग्लियन पेशीच मरतात, त्यामुळे नजर बरी असूनही झोप बिघडू शकते. दोन्ही डोळे काढावे लागलेल्यांना तर उजेडाची वाट पूर्णच बंद.

उपचाराची वाट त्यामानानं लवकर सापडली. 2000 मध्ये रॉबर्ट सॅक यांच्या गटानं सात पूर्ण अंध व्यक्तींना रोज ठरलेल्या वेळी 10 मिलिग्रॅम मेलॅटोनिन दिलं. सातांपैकी सहांचं घड्याळ 24 तासांवर आलं. पुढे अर्ध्या मिलिग्रॅमवरही काम भागतं असं दिसलं. मात्रेपेक्षा वेळ मोलाची, हे इथे नीट समजून घ्यायला हवं. साधी झोपेची गोळी त्या रात्रीपुरती झोप आणते, घड्याळ सरकवत नाही. मेलॅटोनिन भलत्या वेळी घेतलं तर काम बिघडतंही. म्हणून दुकानातून आणून मनानं सुरू करू नये. 2014 च्या जानेवारीत अमेरिकेत मोकळ्या सुटलेल्या घड्याळाच्या या विकारासाठी टॅसिमेल्टिऑन या औषधाला मान्यता मिळाली. पण ते अतिशय महागडं आहे आणि सामान्य माणसाच्या आवाक्यातलं नाही.

झोपेचं कोडं असं सुटत गेलं. मनाचं अधिक अवघड आहे. 2012 मध्ये सामेर हत्तार यांच्या गटानं उंदरांना उजेड-अंधाराच्या विचित्र वेळापत्रकात ठेवलं. त्यांची झोप मोडली नव्हती, तरी ते खिन्न झाले, शिकण्यात मागे पडले. मेलॅनॉप्सिनच्या पेशी काढलेल्या उंदरांवर हा परिणाम झाला नाही. 2018 मध्ये त्याच गटानं दाखवलं की डोळ्यांपासून मनःस्थितीकडे जाणारी मेंदूतली वाट घड्याळाच्या वाटेहून निराळी आहे. माणसांत हे कितपत लागू पडतं यावर सावधपणेच बोलायला हवं. पण ‘डोळे गेले म्हणून उदास’ या एका वाक्यात किती निरनिराळ्या गोष्टी कोंबल्या जात होत्या, ते यातून उघड झालं.

दुःख खोटं आहे असं मी मुळीच म्हणत नाही. पोथी वाचता येईना, नातवाचा चेहरा ओळखू येईना, एकट्यानं रस्ता ओलांडता येईना, हे नुकसान खरंच आहे. पण त्या दुःखावरही उपाय चालतो. फिलाडेल्फियाच्या बॅरी रोव्हनर यांनी 2014 मध्ये, नजरेच्या मधोमध डाग पडलेल्या वृद्धांबरोबरचा अभ्यास मांडला. दृष्टी-पुनर्वसनाच्या जोडीला, आवडीची कामं एकेक करून पुन्हा हाती घ्यायला शिकवलं, तेव्हा नैराश्य जडण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. औषधापेक्षा यात माणसाचा वेळ जास्त लागतो. आपल्या गर्दीच्या ओपीडीत तोच मिळत नाही.

कधी कारण औषधाच्या बाटलीतही असतं. काचबिंदूत वापरले जाणारे टिमोलॉलचे थेंब काहींना थकवा आणि उदासी देतात. डोळ्याच्या आतल्या सुजेवर दिलं जाणारं प्रेडनिसोलोन झोप उडवतं, मन सैरभैर करतं. ते शक्यतो सकाळी घ्यायचं असतं. हे लिहून देताना सांगायला अर्धं मिनिट पुरतं. ते न सांगितल्यामुळे घरातल्यांनी ‘हल्ली फार चिडचिड करतात’ म्हणून माणसाला दूर सारावं, याचं मला फार वाईट वाटतं. असे थेंब किंवा गोळ्या स्वतःहून बंद मात्र करू नयेत, नजर जाऊ शकते. डॉक्टरांना सांगावं, पर्याय असतात.

आपल्याकडचा या काळातला हिशेब मांडला तर चित्र संमिश्र आहे. 1976 मध्ये राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, म्हणजे त्या स्टॅनफर्डच्या लेखाच्या आदल्याच वर्षी. मोतीबिंदूच्या बाबतीत त्यानं मोठं काम केलं. देशात आता वर्षाला 60 लाखांहून अधिक शस्त्रक्रिया होतात. पिवळं पडलेलं भिंग जाऊन निळा उजेड पुन्हा आत शिरतो, तेव्हा अनेकांची झोपही सुधारते. पण नेत्रशिबिराच्या नोंदीत नजर असते, रक्तातली साखर असते, डोळ्याचा दाब असतो. झोप नसते. बँकेच्या टेलिफोन एक्स्चेंजवर बसणाऱ्या अंध ऑपरेटरला दुपारी डुलकी लागली तर वरिष्ठांना तो आळस दिसतो. वसतिगृहातल्या अंध मुलाला सकाळी उठवत नाही, तेव्हा बोलणी बसतात. खरं तर त्यांच्या शरीराची तेव्हा मध्यरात्र असू शकते.

निदानासाठी पहिल्या पायरीला महागडं यंत्र लागत नाही. कधी झोपलो, कधी जाग आली, दिवसा कधी झापड आली, एवढं सलग सहा-आठ आठवडे नोंदवायचं. बोलणाऱ्या फोनवर अंध व्यक्ती हे स्वतः करू शकते, किंवा घरातलं कुणी लिहून ठेवू शकतं. झोपेची वेळ रोज थोडी थोडी पुढे सरकत गेलेली दिसली, तर तो कागद घेऊन नेत्रतज्ज्ञाकडे किंवा झोपेच्या तज्ज्ञाकडे जावं. वेळ जागच्या जागी आहे, पण पहाटे तीनला जाग येते, जेवण जात नाही, कशातच मन लागत नाही, असं निघालं तर मानसोपचारतज्ज्ञाला दाखवावं. लगेच कुणाशी बोलायचं असेल तर सरकारच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा क्रमांक आहे, तिथे मराठीतूनही बोलता येतं.