दिव्यांचा डोलारा

खालापूरजवळच्या हाळ गावात १९७७ च्या सुरुवातीला स्टीव्हन स्पीलबर्गने एक प्रसंग चित्रित केला. पाच सुरांची एक धून आळवणाऱ्या प्रचंड जमावाला विचारलं जातं, हे सूर आले कुठून? त्याबरोबर शेकडो बोटं आभाळाकडे उठतात. 'क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड' पाहिलेल्यांना हा प्रसंग आठवत असेल. मुंबईने या चित्रपटाला आणखी एक गोष्ट दिली, ती मात्र आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही.

शेवटी उतरणारं परग्रहवासीयांचं मोठं यान, म्हणजे 'मदरशिप', आधी नुसती काळी आकृती असणार होतं. चांदण्या झाकत सरकणारा अंधार, एवढंच. पण इथल्या मुक्कामात स्पीलबर्गने रात्री एक तेलशुद्धीकरण कारखाना पाहिला. पाइप, मनोरे, शिड्या आणि त्यांवर लुकलुकणारे असंख्य दिवे. चेंबूर-माहुलच्या रिफायनऱ्या रात्री पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. पुढे लॉस एंजेलिसमध्ये टेकडीवरून दिसणाऱ्या सॅन फर्नांडो खोऱ्यातल्या दिव्यांची त्यात भर पडली आणि काळं यान रद्द झालं. राल्फ मॅक्वारी या चित्रकाराने नवा आकार रेखाटला: वर मनोऱ्यांचं शहर, सगळीकडे प्रकाश.

कागदावरचं हे शहर हातांनी उभं केलं ग्रेग जीन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी. बाजारात असल्या यानाचा तयार संच मिळणं शक्यच नव्हतं. अशा वेळी मॉडेलवाले मूळ सांगाडा स्वतः बांधतात आणि बारकाव्यांसाठी प्लॅस्टिकचे किट फोडतात. याला त्यांच्यात 'किटबॅशिंग' म्हणतात. आगगाडीच्या मॉडेलमधले भाग इथे मनोरे आणि यंत्रं म्हणून बसले. आत नेहमीचे बल्ब आणि निऑनच्या नळ्या होत्या, शिवाय प्रकाशतंतू, म्हणजे फायबर ऑप्टिक्स. दिव्यांच्या मॉडेलमध्ये खरी मेख आकारमानाची असते. छोटासा बल्बसुद्धा मॉडेलवर ढणढणीत दिसतो आणि मैलभराचं यान क्षणात खेळणं होऊन बसतं. तंतूचं टोक टाचणीच्या डोक्याहून लहान ठेवता येतं, त्यामुळे ती खिडकी वाटते. शिवाय बल्बची उष्णता प्लॅस्टिकपासून लांब राहते.

चित्रीकरण डग्लस ट्रम्बलच्या देखरेखीखाली झालं. मदरशिपचं छायाचित्रण डेनिस म्यूरनचं. यान जवळून टिपताना ते पुढून मागपर्यंत स्पष्ट दिसायला हवं, म्हणून लेन्सचं छिद्र अगदी बारीक करावं लागतं. मग प्रकाश कमी पडतो आणि एकेका चौकटीला बराच वेळ द्यावा लागतो. कॅमेऱ्याची हालचाल यंत्राने नोंदवून तीच पुन्हा पुन्हा करायची, प्रत्येक खेपेला वेगळे दिवे लावायचे आणि एकाच फिल्मवर ते साठवत जायचं. खोलीत धूर भरलेला असे. घाटातल्या धुक्यात समोरच्या ट्रकच्या दिव्यांभोवती वलय दिसतं, तसंच इथे प्रत्येक दिव्याभोवती दिसे. यान अवाढव्य आणि दूर आहे हे डोळ्याला पटतं ते या धुरामुळे. धूर मात्र सगळ्या खेपांना सारखा राहायला हवा. कमीजास्त झाला की मेहनत वाया.

या कामाला ऑस्करचं नामांकन मिळालं, पण पुरस्कार 'स्टार वॉर्स'ने नेला. तिथली याने वेगात पळतात, त्यामुळे प्रेक्षक लगेच भुलतो. माझ्या मते अवघड काम जीनच्या चमूचं होतं. त्यांचं यान संथपणे येतं आणि बराच वेळ समोर थांबतं. तेवढा वेळ खोटेपणा लपवणं सोपं नसतं.

एवढ्या घामाच्या कामात गंमतही होती. कारागिरांनी यानावर एक फोक्सवॅगन गाडी, एक टपालपेटी, 'स्टार वॉर्स'मधला आर-टू-डी-टू आणि चिमुकली दफनभूमीही चिकटवली. पडद्यावर ती सहजासहजी ओळखू येत नाहीत, कारण तिथे नजर दिव्यांवरून हलतच नाही.

ग्रेग जीन २०२२ मध्ये गेला. त्याचं यान अमेरिकेत व्हर्जिनियातल्या शँटिली इथे, स्मिथसोनियनच्या उडवार-हेझी सेंटरमध्ये आहे. 'डिस्कव्हरी' हे खरं स्पेस शटलही तिथेच आहे. डलेस विमानतळावर उतरणाऱ्या मराठी मंडळींना हे संग्रहालय अगदी जवळ आहे. गेलात तर मॉडेलभोवती एक चक्कर सावकाश मारा आणि ती टपालपेटी शोधा.