दहा एकर, चौसष्ट वारस

कृषी गणनेतले दोन आकडे शेजारी ठेवा. 1970-71 साली महाराष्ट्रात वहिती खाती होती 49.51 लाख. 2015-16 साली ती झाली 152.85 लाख. खाती तिपटीहून जास्त वाढली आणि जमीन 212 लाख हेक्टरांवरून 205 लाखांवर आली. खात्यामागे सरासरी 4.28 हेक्टर होते, ते 1.34 उरले. दिवसाचा हिशेब काढला तर 45 वर्षं रोज सरासरी 629 खाती वाढत गेली. रात्रंदिवस, दर सव्वादोन मिनिटांना एक.

हा वेग एका शेतात उतरवून पाहू. चार हेक्टरांचं, म्हणजे जवळपास दहा एकरांचं चौकोनी रान धरा: 200 मीटर लांब, 200 मीटर रुंद. दर पिढीला प्रत्येकाचे चार वारस. रस्ता एकाच अंगाला आणि गाडीवाट सगळ्यांनाच हवी, म्हणून वाटणी उभ्या पट्ट्यांनी होते. मुलांच्या वाट्याला 50 मीटर रुंदीचे चार पट्टे. नातवंडांना साडेबारा मीटरचे सोळा. पतवंडांना चौसष्ट, प्रत्येक जेमतेम दहा फूट रुंद. ट्रॅक्टर वळवायचा तर चुलतभावाच्या पिकातून.

आता बांध मोजा. चौसष्ट पट्ट्यांमध्ये 63 बांध, त्यांची लांबी 12.6 किलोमीटर. बांध अर्ध्या मीटरचा धरला तरी 62 गुंठे, म्हणजे दीड एकराहून जास्त जमीन निव्वळ बांधाखाली गेली.

विहीर तर एकच. पहिल्या वाटणीत चार-चार आणे हिस्सा, दुसरीत एकेक आणा, तिसरीत जुना एक पैसा. पाण्याची पाळी एकेका दिवसाची ठेवली, तर जी चार दिवसांनी यायची ती आधी सोळा आणि मग चौसष्ट दिवसांनी येते. कांदा तेवढा थांबत नाही.

तुकडेबंदीचा कायदा 1947 पासून आहे. 2023 मध्ये प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा पाडता येत नाही ती मर्यादा, जिरायतीला 20 आणि बागायतीला 10 गुंठे ठरलं. आपला चौसष्टावा हिस्सा सहा गुंठ्यांचा. तो वेगळा निघत नाही, म्हणून सातबारा सामाईक राहतो आणि त्यावर नुसती नावं वाढत जातात. मग कर्जासाठी गावोगावी सह्या गोळा करत फिरायचं.

यातून वाट आहे. मालकी वाटली म्हणून कसणं वाटायलाच हवं असं नाही. सोळा नावांचं रान दोघं एकत्र कसू शकतात आणि बाकीच्यांना ठरलेला खंड देऊ शकतात. मात्र हे वडीलधारी माणसं हयात असताना ठरायला हवं आणि कागदावर यायला हवं. आपल्या हिश्श्याच्या मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागत नाही, दोन साक्षीदार लागतात. शेतजमिनीच्या वाटपपत्राला मुद्रांक शुल्क 100 रुपये. एकमेकांच्या ताब्यात गेलेल्या जमिनींची अदलाबदल सलोखा योजनेत 1,000 रुपये मुद्रांक शुल्क आणि 1,000 रुपये नोंदणी फी भरून होते. कोर्टात वर्षानुवर्षं भांडण्यापुढे हा खर्च काहीच नाही.

आणि वारस मोजताना मुली मोजा. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनंतर हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच, जन्मापासूनचा आहे. तिला शेवटी हक्कसोडपत्रावर सही करायला बोलावू नका. पहिल्याच बैठकीला बोलवा, आणि ती बैठक या सुगीनंतर लगेच घ्या.