डायलिसिसचे रुग्ण आणि प्रायश्चित्तकाळातील उपवास

राखेच्या बुधवारी व उत्तम शुक्रवारी आपल्या धर्मप्रांतातील परभणी जिल्ह्यातही श्रद्धावंत उपवास करतात. डायलिसिसवर असलेल्या बंधुभगिनींनी तो करावा काय? आमचे उत्तर स्पष्ट आहे : करू नये.

प्रथिनांपासून शरीरात रोज आम्ल तयार होते. निरोगी मूत्रपिंडे ते लघवीवाटे बाहेर टाकतात. ती निकामी झाली की आम्ल रक्तात साचते. हे आम्लपित्त नव्हे. या आम्लतेने स्नायू झिजतात, हाडे कमकुवत होतात. डायलिसिसच्या द्रावणातील बायकार्बोनेट रक्तात येऊन तोल सावरते. परंतु पुढील पाळीपर्यंत आम्ल पुन्हा साचू लागते. म्हणून एकही पाळी चुकवू नये.

मग प्रथिनेच सोडावीत काय? नाही. उपाशी शरीर स्वतःचे स्नायू जाळते आणि त्यातूनही आम्लच निर्माण होते. अशा रुग्णास सामान्यतः दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने लागतात. भाकरीसोबत अंड्याचा पांढरा भाग उत्तम. डाळीचे प्रमाण डॉक्टरांना विचारावे. उपवासाची केळी, बटाटे व नारळपाणी यांतील पोटॅशियम हृदयास घातक ठरू शकते. खाण्याचा सोडाही मनाने घेऊ नये. त्यातील सोडियममुळे अंगात पाणी साचते.

ख्रिस्तसभेने रुग्णांना उपवासातून मोकळे ठेवले आहे. वेळेवर डायलिसिस, मोजके पाणी व नेमका आहार हेच त्यांचे प्रायश्चित्त. आपण निरोगी माणसांनी उपवासातून वाचलेले पैसे एखाद्या रुग्णाच्या प्रवासखर्चासाठी द्यावेत, ही विनंती.