तेलकट पंच्यांचा ढीग

जालना जिल्ह्यातील एखाद्या मालिशवाल्याचे सामान तुम्ही कधी न्याहाळले आहे का? तेलाच्या बाटल्या, तळपाय घासायची काशाची वाटी आणि अंग पुसायचे पंचे. यांत धोक्याचा जिन्नस कोणता? तुम्ही बाटलीकडे बोट दाखवाल. पण खरा धोका आहे तेलकट पंच्यांच्या ढिगात. काडी न लावताही तो पेट घेऊ शकतो!

असे का व्हावे? मराठवाड्यात रब्बीला पिकणाऱ्या करडईचे आणि जवसाचे तेल घ्या. त्यांतील मेदाम्लांच्या साखळ्यांत कार्बनचे दुहेरी बंध पुष्कळ असतात. तेथे हवेतील ऑक्सिजन सावकाश जोडला जातो आणि उष्णता बाहेर पडते. असे बंध जवसाच्या तेलात सर्वांत जास्त, करडईत त्याहून कमी, तिळात आणखी कमी, तर खोबरेलात फारच थोडे.

बाटलीतील तेलाचा थोडाच भाग हवेला लागतो. पंच्यावर मात्र तेच तेल असंख्य धाग्यांवर पातळ पसरते. पंचा दोरीवर असला तर उष्णता वाऱ्याबरोबर निघून जाते. ढिगात मात्र कापड गोधडीसारखी उष्णता कोंडून धरते. तापमान वाढले की क्रिया वेग घेते आणि वेग वाढला की तापमान आणखी चढते. शेवटी ढीग धुमसू लागतो. २३ फेब्रुवारी १९९१ रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात एका ३८ मजली इमारतीला आग लागली, ती जवसाच्या तेलाने माखलेल्या चिंध्यांमुळेच. तीत अग्निशमन दलाच्या तीन जवानांनी प्राण गमावले.

म्हणून वापरलेले पंचे लगेच गरम पाण्यात सोडा घालून धुवावेत व सुटे पसरून वाळवावेत. धुतल्यावरही थोडे तेल उरतेच. तेव्हा उन्हातून किंवा इस्त्रीखालून आलेले गरम पंचे निवल्याशिवाय रचू नयेत. काशाच्या वाटीत तेल ठेवू नये. काशातील तांब्यामुळे तेल लवकर खवट होते आणि खवट तेलातील आम्लांमुळे वाटीवर हिरवा थर चढतो. वाटी धुऊन, पुसून कोरडी ठेवावी. बाटली घट्ट बुचाची, उजेडापासून दूर असावी.

एक प्रयोग करा. काचेच्या दोन पट्ट्यांवर जवसाच्या तेलाचा व खोबरेलाचा पातळ थर द्या आणि पट्ट्या खिडकीत ठेवा. आठ-पंधरा दिवसांनी बोट लावून पाहा. जवसाचे तेल चिकट होऊन घट्ट होऊ लागलेले दिसेल, खोबरेल मात्र तेलकटच राहील. ऑक्सिजन कुठे जोडला गेला, हे आता तुम्हीच सांगा.